बिदरीला काम द्या

सतराव्या शतकातला बिदरी हुक्का आज संग्रहालयात काचेमागे असतो. काळंभोर घाटदार बूड, अंगभर चांदीची फुलं आणि शेजारी पाटी: बिदर, दख्खन. पाटी खरी आहे, पण त्या एका वस्तूत किती मुलूख येऊन मिळाले आहेत ते ती सांगत नाही. हुक्क्यात ओढायची तंबाखू अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि दख्खनेत अशी मुरली की अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला आला तेव्हा त्याने ती पहिल्यांदा इथे पाहिली; १६०४-०५च्या सुमारास त्याने ती नेऊन बादशहापुढे ठेवली. चांदीचंही तसंच. आपल्याकडे चांदीच्या खाणी नावापुरत्या. त्या काळात हिंदुस्थानात आलेल्या चांदीतला मोठा वाटा मेक्सिकोतल्या झाकातेकासच्या आणि आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणींचा. युरोपच्या व्यापाऱ्यांनी ती मिरी, नीळ आणि कापडाच्या बदल्यात आणून दिली आणि इथल्या टांकसाळींनी तिचे रुपये पाडले. जस्त मिळायचं ते राजस्थानातल्या जावरच्या खाणींतलं किंवा चीनहून जहाजांनी आलेलं. नक्षीचं वळण इराणी. निव्वळ बिदरचं म्हणावं असं दोनच गोष्टींत: कारागिराच्या हातात आणि किल्ल्याच्या मातीत.

तेव्हा बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर बसून मेक्सिकोच्या हस्तकलेकडे बघायचं म्हटलं तर ते काही आडवाटेला जाणं नव्हे. तिथल्या कारागिरीतून खुर्च्या, टेबलं, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू नव्याने घडवण्याचा मोठा उद्योग विसाव्या शतकात झाला. त्यात काही फार चांगलं घडलं, काही फसलं. आपल्याकडे बिदरीचं जे चाललं आहे ते समजायला या दोन्हींचा उपयोग होतो.

आज बिदरी म्हटलं की डोळ्यांपुढे सत्कार समारंभ येतो. शाल, श्रीफळ आणि मखमलीच्या डबीत काळा मोर. घरी आल्यावर तो शोकेसमध्ये जातो आणि दिवाळीच्या साफसफाईखेरीज त्याला कोणी हात लावत नाही. पण ही कला शोकेससाठी जन्मलीच नव्हती. जुन्या वस्तूंची यादी काढून पाहा: हुक्क्याची बुडं, पानदान, पिकदाणी, गुलाबदाणी, हात धुवायचं तस्त आणि झारी, सुरई, तबकं, पलंगाचे पाये, मीर-ए-फर्श. एकूण एक कामाच्या वस्तू.

यातली मीर-ए-फर्श ही माझी आवडती. बैठकीवर पांढरी चादर अंथरली की वाऱ्याने तिचे कोपरे उडतात. ते दाबून धरायला चार कोपऱ्यांवर चार जड वजनं ठेवायची, घुमटाच्या आकाराची. एवढंच काम. पण त्या कामाला बिदरी किती चोख बसते पाहा. जस्त जड, म्हणून वस्तू लहान असूनही दाब पडतो. बूड पसरट, म्हणून पाय लागला तरी कलंडत नाही. माथा निमुळता, म्हणून उचलायला सोपं. आणि काळ्यावरची चांदी पांढऱ्या चादरीवर अशी उठते की दिव्याच्या उजेडातही कोणी तिला ठेच लावणार नाही. नक्षी काढून टाकली तरी ती उत्तम वस्तू राहील. चांगल्या डिझाइनची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

हे सगळं जमिनीवर बसणाऱ्या घराचं सामान होतं. गादी, लोड, तक्के, मधोमध हुक्का, उजव्या हाताशी पानदान, जरा अंतरावर पिकदाणी. निजामाच्या मुलखातल्या मराठी देशमुख-जहागीरदारांच्या वाड्यांतली बैठकही याच थाटाची. मग खुर्ची आली, विडी-सिगारेट आली, पानाचा डबा पितळेचा नि पुढे स्टीलचा झाला. गुलाबपाणी लग्नापुरतं उरलं, तेही प्लास्टिकच्या फवाऱ्यात. बिदरीच्या हातातलं काम एकेक करून गेलं. नक्षी तेवढी राहिली, आणि नक्षी बसवायला आकार हवा म्हणून फुलदाण्या आणि हत्ती आले.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर १३४७ साली गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, बहमनी राज्य उभं राहिलं, आणि पुढच्या शतकात अहमदशहा वलीने, १४२५ ते १४३०च्या दरम्यान, राजधानी बिदरला हलवली. अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या इराणी कारागिराला सुलतानाने बोलावून घेतलं आणि त्याने ही कला इथे रुजवली, असं परंपरा सांगते. मात्र जगभरच्या संग्रहालयांत जपलेल्या जुन्या बिदरी वस्तू सतराव्या शतकाच्या सुमारापासूनच्या आहेत. पुढे हैदराबाद, लखनौ, मुर्शिदाबाद, बिहारातलं पूर्णिया इथेही बिदरी घडू लागली, पण नाव बिदरचंच राहिलं. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडली गेली. २००६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. मानाला तोटा नाही. तोटा कामाला आहे.

बिदरी कशी घडते ते नीट समजून घेतल्याशिवाय तिच्यातून काय घडवावं हे ठरवता येत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

धातू म्हणजे मुख्यतः जस्त. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच वाफ होऊन उडून जातं. पण ४२० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात तांबं त्याच्या स्वतःच्या वितळण्याच्या कितीतरी आधी विरघळतं, म्हणून छोट्याशा भट्टीवर हे काम निभतं. साचा मातीचा. बारीक मातीत एरंडेल आणि राळ मळून ती लोखंडी चौकटीत ठासतात, त्यात नमुन्याचा ठसा घेतात आणि रस ओततात. थंड झालेली ओतीव वस्तू खडबडीत, राखाडी आणि ओबडधोबड असते. ती कानशीने घासून गुळगुळीत करायची. मग मोरचुदाचं पाणी फासायचं, की पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो. हा काळेपणा म्हणजे कारागिराची पाटी: त्यावर पोलादी टोकाने हातानेच नक्षी रेखायची, की रेषा पांढरी उमटते.

त्यानंतर कोरणी. वस्तू मेणात किंवा पक्क्या बुडावर बसवून लहान लहान छिन्न्यांनी रेषा खोदतात. खाच नुसती खोल असून भागत नाही, तिच्या कडा आत किंचित दबलेल्या हव्यात, म्हणजे ठोकलेली चांदी निसटत नाही. चांदीची तार बसवली तर ती तारकशी. पत्र्याचे तुकडे कापून बसवले तर तहनिशान. पृष्ठभागाच्या वर उचललेलं काम असेल तर जरबुलंद. आणि अख्ख्या वस्तूवर चांदीचा पत्रा चढवून त्यातून नक्षी कापून काढली, की खालचा काळा धातू फुलापानांच्या आकारात दिसतो, ते आफताबी. चांदी ठोकून झाली की पुन्हा घासणं. या टप्प्यावर वस्तू पाहिली तर निराशा होते. राखाडी धातूत पांढरी चांदी, सगळं एकरंगी, नक्षी जेमतेम दिसते.

आणि मग माती. बिदरच्या किल्ल्यात ज्या जागी वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही तिथली माती आणतात. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. माती आणि नवसागर पाण्यात उकळायचं, वस्तू कोमट करायची आणि हा लगदा तिच्यावर चोळायचा. बघता बघता धातू काळा पडतो, चांदी मात्र होती तशी लखलखीत राहते. यात जादू नाही, पण रसायन सुंदर आहे. नवसागर आणि मातीतले क्षार पृष्ठभागावरचं जस्त विरघळवतात, तांबं मागे राहतं, आणि त्या तांब्याच्या संयुगांचा तो काळा पापुद्रा. निव्वळ जस्ताची वस्तू याच मातीत घातली तर असा काळा रंग चढत नाही. सोळा भागांतला तो एक भाग तांब्याचा, तोच काळ्याचा धनी. चांदीवर या मिश्रणाचा परिणाम होत नाही, म्हणून ती वेगळी राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा आणखी खोल होतो.

एवढा तपशील सांगण्याचं कारण हे की यातला प्रत्येक टप्पा वस्तूला काय जमेल आणि काय जमणार नाही ते ठरवतो. हे लक्षात न घेता नुसती नक्षी उचलली की काय होतं, त्याचा दाखला मेक्सिकोतच आहे, आणि तोही काळ्या रंगाचाच.

वाहाका प्रांतात सान बार्तोलो कोयोतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथली माती भाजल्यावर राखाडी होते. शतकानुशतकं तिथले लोक या मातीचे मोठे रांजण आणि कुंडे करत आले. पाणी आणि मेस्काल नावाची तिथली दारू त्यात भरून बाजाराला जायची. १९५०च्या दशकात तिथल्या रोसा रेआल या कुंभारणीने, सारं जग तिला दोन्या रोसा म्हणून ओळखतं, एक युक्ती काढली. मडकं पूर्ण वाळायच्या आत गारेच्या दगडाने घोटायचं आणि नेहमीपेक्षा कमी आचेवर भाजायचं. मडकं काळं कुळकुळीत, आरशासारखं चमकदार निघालं. पर्यटक वेडे झाले, श्रीमंत संग्राहकांनी रांगा लावल्या, गावाला पैसा मिळाला. मात्र कमी आचेमुळे या चमकदार मडक्यात पाणी ठरत नाही, ते झिरपतं. चकाकी आली आणि रांजणपण गेलं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. गाव जगलं, आणि ते थोडं नव्हे. पण बिदरीच्या वाट्याला जे आलं ते हेच, फक्त तिथे कारण आच होती आणि इथे बदललेली बैठक.

उलट वाटेने गेलेली एक बाई म्हणजे क्लारा पोर्सेत. जन्म क्युबाचा, १८९५चा. १९३०च्या दशकाच्या मध्यावर ती मेक्सिकोत आली, चित्रकार शाविएर गेरेरोशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर खेडोपाडी हिंडून तिथले लोक बसतात कशावर, निजतात कशावर, हे पाहिलं. तिला भेटली ती बुताके नावाची खुर्ची. बुटकी, मागे रेललेली, पाय फुलीसारखे एकमेकांना छेदणारे, बसायला कातडं किंवा विणलेला तागा. स्पॅनिश लोकांची घडीची खुर्ची आणि मूळ रहिवाशांचं जमिनीलगतचं आसन यांच्या मिलाफातून ती वसाहतकाळात तयार झाली होती. उष्ण हवेत पाठीला वारा लागावा, कामावरून आलेल्या माणसाने अंग टाकावं, ही तिची गरज. पोर्सेतने त्या खुर्चीवरचं कोरीवकाम घेतलं नाही. तिने घेतला पाठीचा कोन, जमिनीपासूनची उंची, विणकामाचा ताण. लाकूड बारीक केलं, वळण साफ केलं, माप माणसाच्या शरीरावर बेतलं. वास्तुविशारद लुईस बारागानने तिच्या खुर्च्या आपल्या घरांत ठेवल्या. १९५२ साली मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस या राष्ट्रीय कलाभवनात तिने रोजच्या जगण्यातल्या कलेचं प्रदर्शन मांडलं. त्यात हाताने घडवलेल्या आणि कारखान्यात निघालेल्या वस्तू शेजारी शेजारी होत्या, आणि कसोटी दोघांना एकच: वापरायला कशी आहे?

ताश्कोच्या चांदीचं उदाहरण लोक जास्त सांगतात. विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकी माणसाने १९३१ साली त्या जुन्या खाणगावात कारखाना काढला, स्थानिक पोरांना शिकवलं, पुढे त्या पोरांनी आपापली दुकानं थाटली आणि गाव चांदीकामासाठी प्रसिद्ध झालं. त्यातून आपण घेण्यासारखं एकच: त्याने शिकाऊंना मालक होऊ दिलं. बाकी दागिन्यांची कथा निराळी.

विशेष म्हणजे मेक्सिको आणि भारत हे दोन देश ज्यांच्या मनात शेजारी होते अशी एक जोडी आपल्या डिझाइनशिक्षणाच्या मुळाशी आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५७ साली मेक्सिकोच्या मृतांच्या सणावर लघुपट केला, आणि १९५८ साली भारत सरकारच्या सांगण्यावरून इथे फिरून एक अहवाल लिहिला. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त प्रेम केलं ते लोट्यावर. कोणी एकाने न घडवलेला, पिढ्यांनी झिजवून झिजवून नेमका केलेला लोटा: तो किती भरतो, हातात कसा बसतो, डोक्यावर नेताना नि कमरेवर धरताना तोल कसा राहतो, धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी त्याला विचारले. त्याच अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याला विचारलेले ते प्रश्न आपण बिदरीला विचारू.

बिदरीचा धातू लोखंडापेक्षा जेमतेम हलका. दहा सेंटिमीटर चौरस, चार मिलिमीटर जाडीची एक फरशी केली तर ती पावणेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणून गळ्यातल्या मोठ्या पदकासाठी ती वाईट, पण कागदावर ठेवायच्या वजनासाठी, दिव्याच्या बुडासाठी, पुस्तकांना आधार द्यायला उत्तम. धातू ठिसूळ आहे. पातळ लांब पट्टी वाकवली की तुटते, पण दाब चांगला सोसते. म्हणून तिच्यापासून खुर्चीची पाठ होणार नाही, मात्र टेबलाच्या लाकडी पायाला खाली बूट घालता येईल. ओल्या पुसण्याने आपल्याकडचे लाकडी पाय नेमके तिथेच कुजतात. आंबट तिला चालत नाही. लिंबू, चिंच, दही लागलं की काळा पापुद्रा जातो आणि जस्त अन्नात उतरतं, म्हणून ताट-वाटी-पेला हा विचारच सोडावा. जोराने घासणी मारली तरी रंग जातो. हात मात्र तिला मानवतो. रोज हात लागणारी बिदरी हाताच्या तेलाने उलट तकतकीत राहते.

रोज हात लागेल, थोडं वजन हवं, आकार आटोपशीर, ओतून घडवता येईल, भाजीच्या वाटेला जाणार नाही. अशी घरातली वस्तू कोणती? दाराची मूठ. कपाटाची मूठ, खणाची कडी, खिडकीची खिट्टी, दिव्याच्या बटणांभोवतीची चौकट. आणि इथे एक गंमत आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आपण ज्या चकचकीत मुठी घेतो, त्यातल्या पुष्कळशा पितळेच्या किंवा स्टीलच्या नसतातच. त्या असतात जस्ताच्या मिश्रधातूच्या, झमॅक नावाच्या, वर मुलामा दिलेल्या. अमेरिकेतल्या एका जस्त कंपनीने १९२९च्या सुमारास तो धातू बाजारात आणला आणि साऱ्या जगाच्या दारांच्या मुठी त्याने व्यापल्या. म्हणजे मुठीसाठी जस्त योग्य, हे कारखान्यांनी शंभर वर्षं सिद्ध करून दाखवलं आहे. बिदरला ते त्याआधी तीनशे वर्षं ओतता येत होतं.

बिदरच्या कारागिरांनी नव्या वस्तू केल्या नाहीत असं नाही. पेनड्राइव्हची आवरणं झाली, शर्टाची बटणं झाली, भिंतीच्या टाइल्स झाल्या. यातली बटणं आणि टाइल्स मला पटतात. पेनड्राइव्ह पटत नाही. ज्या वस्तूचं आयुष्य पाच वर्षं, तिच्यावर आठवडाभराचं कोरीवकाम चढवणं म्हणजे कारागिराच्या डोळ्यांचा अपव्यय. आवरण जुनं होत नाही, आतला चिमुकला तुकडा जुना होतो, आणि मग ते आवरणही शोकेसमध्येच जातं.

आता कलबुर्गीकडे येऊ. तिथली कला आपल्या पायाखाली आहे. पुण्या-मुंबईपासून लातूर-नांदेडपर्यंत जुन्या घरात मोरीला, ओट्याला, अंगणाला जी शहाबादी फरशी असते, ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक. जीवसृष्टीला हाडं-कवचं येण्याच्याही आधीच्या उथळ समुद्रात थरावर थर साचून तो झाला, आणि ते थर आजही सुटे होतात. खाणीत छिन्नी-हातोड्याने पाचर मारली की दोन हात लांबीची सपाट लादी उघडते. करवतीची गरज नाही. १८७१ साली जी.आय.पी. रेल्वे सोलापूर-गुलबर्गा करत रायचूरला पोचली, आणि शहाबाद त्याच मार्गावर असल्यामुळे हा दगड मराठी मुलखात सहज पसरला. पाया, भिंत, छप्पर, कुंपण, बाक, पाण्याची टाकी, मांडणी: चित्तापूर-सेडमच्या खेड्यांत ही लादी सगळ्याला लागते.

आणि तरीही या दगडाला कोणी डिझाइन म्हणून पाहिलं नाही. फुटावर भाव लावून विकायचा माल, एवढीच त्याची किंमत. आता व्हिट्रिफाइड टाइल आली आणि लोकांनी शहाबादी उखडून टाकली. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या दगडाचा मेताते आहे, म्हणजे मका वाटायचा पाटा-वरवंटा, पण तीन पायांवर उभा आणि पुढे उतरता. तो आजही खेड्यांतल्या पुष्कळ घरांत आहे आणि नव्या डिझायनरांच्या टेबलांच्या पायांतही शिरला आहे. आपला पाटा मिक्सर आल्यावर परसात गेला. शहाबादीचं बाक, टीपॉय, पुस्तकांची मांडणी सहज होईल. फक्त एक जपायचं. हा दगड दाब झेलतो, वाकणं झेलत नाही, म्हणून लांब लादीला मधे आधार द्यावाच लागतो. आणि लिंबाचा रस हा त्याचाही शत्रू, कारण चुनखडक आम्लात विरघळतो. बिदरी आणि शहाबादी यांचं पथ्य एकच, हा योगायोग कामाचा आहे: दोन्ही एका वस्तूत आल्या तर त्यांची निगा एकाच तऱ्हेने राखता येईल. राखाडी लादीचं टेबल आणि खाली काळ्या बिदरीचे बूट, असं कोणी करून पाहावं.

दगडात जडवायची कल्पना तर बिदरला जुनीच. किल्ल्यातल्या रंगीन महालात अली बरीदशहाच्या काळात, म्हणजे १५४२ ते १५८०च्या दरम्यान, काळ्या दगडात शिंपले बसवून नक्षी केली आहे. काळ्या पार्श्वभूमीवर मोत्याची चकाकी. बिदरीची हीच कल्पना भिंतीवर. तिथे उभं राहिलं की लक्षात येतं, या गावाला काळ्यात पांढरं जडवण्याचा छंद एका धातूपुरता नव्हता. तोच हात महालाच्या दाराची चौकट सजवत होता.

अडचण पैशाची आहे, आणि ती गोड बोलून टळत नाही. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली. अख्ख्या फुलदाणीवर चांदीचा गालिचा पसरायचा काळ त्यामुळे संपत आला आहे, आणि माझ्या मते हे फार वाईट नाही. मुठीवर एकच फूल, किंवा कडेला दोन तारा, बाकी काळं मोकळं. काळ्याला श्वास घ्यायला जागा दिली तर चांदी कमी लागते आणि दिसते जास्त. कारागिरांना हे पटवणं मात्र सोपं नाही, कारण गिऱ्हाईक आजवर त्यांना भरगच्च कामाचेच पैसे देत आलं आहे. रिकाम्या जागेचे पैसे कोण देणार? दुसरी अडचण मापाची. हाताने ओतलेल्या दोन मुठींत केसभर फरक राहतो, आणि सुतार म्हणतो भोक बसत नाही. हा दोष कारागिराचा कमी आणि मधल्या माणसाचा जास्त. साचा, स्क्रूची चाकी, दाराची जाडी हे ठरवून देणारा कोणी असला की फरक नक्षीत राहतो, मापात नाही. पोर्सेतने खुर्च्यांसाठी हेच केलं होतं.

कल्याणात, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्याच बसवकल्याणात, बाराव्या शतकात अनुभव मंटपात, म्हणजे शिवशरणांच्या सभेत, मेदार केतय्या बसत असत, टोपल्या-सुपं विणणारे. कामाला पूजेचा मान देणाऱ्या त्या शरणांच्या मुलखात कारागिराला केवळ पुरस्कार देऊन घरी पाठवणं शोभत नाही. त्याला ऑर्डर दिली पाहिजे.

१९५६ साली हैदराबाद संस्थानाचा बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले, बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. तोवर उदगीरच्या सावकाराला बिदरची वस्तू परक्या राज्यातली नव्हती. आजही लातूर रोडहून उदगीर-भालकीमार्गे बिदरला थेट गाडी जाते, आणि २०१७पासून बिदर-कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा रेल्वेमार्गही खुला झाला आहे. म्हणजे अंतर आडवं येत नाही.

म्हणून लातूर-नांदेड-सोलापूरच्या वाचकांना एक विनंती. घर बांधताय किंवा कपाटं बदलताय तर मुठी दुकानातून उचलण्याआधी बिदरला जा. चौबारा बुरुजाच्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरीची दुकानं आहेत. जाताना दाराची जाडी, दोन भोकांमधलं अंतर आणि स्क्रूचा नंबर कागदावर लिहून न्या, शक्य तर आपल्या सुताराला बरोबर घ्या. एकदम वीस-पंचवीस नग सांगा, म्हणजे साच्याचा खर्च वसूल होतो. निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण चांदी त्याला रोखीने आणावी लागते. घासाघीस करायचीच असेल तर नक्षी कमी करा, मजुरी कमी करू नका. आणि मूठ दाराला बसली की तिला ब्रासो लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.